श्री संत गाडगेबाबांचे चरित्र आणि आपल्या घरातले व्यसन

राम कृष्ण हरी.

आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. पुस्तक काढायचं ठरलं तेव्हा मंडळी म्हणाली, महाराज तुम्हीही काही लिहा. मी चौथी शिकलेला कास्तकार माणूस. दिवसा वावरात आणि रात्री कीर्तनात उभा राहतो. लेखणीची सवय नाही. म्हणून कीर्तनात बोलतो तसंच इथं लिहितो. चुकलं तं लेकराचं बोलणं समजून घ्या.

चरित्र कोणाचं लिहावं याचा विचार केला. ज्ञानोबा-तुकोबांवर जाणते लोक लिहितीलच. मी आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले संत गाडगेबाबा घेतले. त्याचं कारण आहे. बाबांचं सगळं चरित्र ज्या एका गोष्टीपासून सुरू होतं, ती गोष्ट आज आपल्या गावागावात, वारकऱ्याच्याही घरात शिरून बसली आहे. ती गोष्ट म्हणजे दारू.

जन्म आणि बालपण

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा. गाव शेंडगाव, अंजनगाव सुर्जीकडचं. घर परिटाचं. बापाचं नाव झिंगराजी, मायचं नाव सखुबाई, आडनाव जाणोरकर. लेकराचं नाव ठेवलं डेबूजी.

झिंगराजी काही वाईट माणूस नव्हता. कष्टाळू होता. पण त्या काळात रीतच अशी होती की बारसं असो, लग्न असो, देवाचा नवस असो, बकरं कापायचं आणि दारू वाटायची. नाही वाटली तं पंचांत नाव खराब. झिंगराजी आधी रीत म्हणून पीत होता, मंग सवय म्हणून पिऊ लागला, आणि शेवटी दारूशिवाय त्याचा दिवस उगवेना. घरातलं असलं-नसलं गेलं. अंगात रोग शिरला. १८८४ साली तो वारला. डेबूजी तेव्हा आठ वर्षांचा.

चरित्रात असं सांगतात की मरताना झिंगराजीला फार पस्तावा झाला होता. या लेकराला दारूपासून दूर ठेव, असं तो सखुबाईला विनवून गेला. मायबाप हो, इथं जरा थांबा. मरणाच्या दारात त्या बापाला दारूची खरी किंमत कळली. पण तेव्हा हातात काही उरलं नव्हतं. ना वावर, ना शरीर, ना वेळ.

सखुबाई लेकराला घेऊन माहेरी आली, मूर्तिजापूरकडे दापुऱ्याला. आठ वर्षांचं पोट्टं मामाच्या घरी गुरं राखू लागलं. शाळा नाही, पाटी नाही. बापानं दारू प्याली आणि लेकाची शाळा गेली. आजही तेच होते. बाप पितो तेव्हा फक्त बापच पीत नाही. लेकराची वही, बायकोचं लुगडं, म्हाताऱ्या मायचं औषध, हे सगळं त्या एका ग्लासात जाते.

डेबूजी कामाला वाघ होता. मोठा झाला तसा वावरात राबला. गुराखी पोरांना जमवून भजनं म्हणायचा. पुढे मामा चंद्रभानजीचं वावर सावकाराच्या कागदात अडकलं. मामा त्याच घोरानं खंगून गेला. सावकार ताबा घ्यायला आला तेव्हा डेबूजी वावरात ठाम उभा राहिला, आणि सावकाराला मागं सरावं लागलं. अंगठा उठवला तं काय होते, हे त्याला तेव्हा कळलं. म्हणून पुढे जन्मभर बाबांनी दोन गोष्टी सोडल्या नाहीत. लोकांना दारू सोडायला लावणं आणि लेकरं शाळेत घालायला लावणं.

बारशाचं जेवण

१८९२ साली डेबूजीचं लग्न कुंताबाईशी झालं. पहिली लेक झाली. बारशाला जातभाई जमले. सगळ्यांना वाटलं, आता बकरं आणि दारू. पंगत बसली, आणि पानात पडलं काय? गोडाचं जेवण. दारूचा थेंब नाही, मांसाचा तुकडा नाही. मोठी मंडळी लय नाराज झाली. रीत मोडली म्हणून बोलणी बसली. पण डेबूजी हलला नाही.

मला बाबांच्या चरित्रातली ही गोष्ट सगळ्यांत मोठी वाटते. घर सोडणं मोठं आहेच. पण घरात राहून, आपल्याच सोयऱ्याधायऱ्यांच्या पंगतीत उभं राहून नाही म्हणणं, हे त्याहून अवघड. दारू बहुतेकांना पहिल्यांदा दुश्मन पाजत नाही. मित्र पाजतो, सोयरा पाजतो. वरातीत पाजतो, निवडणुकीत पाजतो, पोळ्याच्या करीला पाजतो. एका घोटानं काय होते, असं म्हणत पाजतो. झिंगराजीचंही तसंच झालं होतं. डेबूजीनं बापाचा रोग नेमका जिथून सुरू झाला ती जागाच बंद केली. म्हणजे पंगत.

घर सोडलं, जग धरलं

१ फेब्रुवारी १९०५ ला पहाटे डेबूजी घरातून निघाले. बारा वर्षं रानोमाळ फिरले. अंगावर चिंध्यांचं पांघरूण, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीचा तुकडा, डोक्यावर मातीचं गाडगं, हातात काठी. त्या गाडग्यातच खायचं, त्यातच प्यायचं. त्यावरून लोक गाडगेबाबा म्हणू लागले.

गावात गेले की आधी खराटा. दिवसभर गाव झाडायचं आणि रात्री त्याच जागी कीर्तन. बाबांचं कीर्तन म्हणजे लोकांशी बोलणं. आपल्या वऱ्हाडी बोलीत प्रश्न विचारायचे आणि लोकांकडूनच उत्तर काढून घ्यायचं. दारू कोण पितो, त्याच्या घरी चूल पेटते काय, त्याच्या बायकोच्या अंगावर धड लुगडं आहे काय, असं विचारत विचारत ते माणसाला त्याच्याच घराच्या दारात नेऊन उभं करायचे. कर्ज काढून सण करू नका, नवसाला मुकं जनावर कापू नका, शिवाशिव पाळू नका, पोरांना शिकवा, हेच त्यांचं निरूपण. मंग सगळ्यांना गोपालाच्या भजनात रंगवायचे. पाया पडू द्यायचे नाहीत.

पूर्णा नदीकाठी ऋणमोचनला त्यांनी घाट बांधला. १९१७ साली पंढरपूरला चोखामेळा धर्मशाळा उभी केली, कारण महाराच्या-मांगाच्या वारकऱ्याला तेव्हा कोणी ओसरीही देत नव्हतं. पुढे ती इमारत त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षण संस्थेच्या हाती सोपवली. नाशिक, आळंदी, देहू इथंही धर्मशाळा झाल्या. मुंबईत दवाखान्यात येणाऱ्या गरीब रोग्यांच्या माणसांसाठी धर्मशाळा झाली. लाखोंच्या इमारती उभ्या केल्या, पण स्वतःच्या माणसांना त्यात एक खोली दिली नाही. कीर्तन चालू असताना एकुलता राहिलेला मुलगा गोविंद गेल्याची बातमी आली, तरी कीर्तन थांबलं नाही.

१९५२ साली बाबांच्या नावानं मिशन सुरू झालं. ८ नोव्हेंबर १९५६ ला मुंबईत बांद्र्याला पोलीस ठाण्याच्या आवारात त्यांचं शेवटचं कीर्तन झालं. ते ध्वनिमुद्रित झालं आहे, आजही ऐकायला मिळते. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. त्यानंतर चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ ला, अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर बाबांनी देह ठेवला. वय ऐंशी. बाप दारूनं भर जवानीत गेला. लेक निर्व्यसनी राहून, उन्हातान्हात राबून, भाकरतुकडा खाऊन ऐंशी वर्षं जगला. एवढा एक हिशेब पुरेसा आहे.

आता आपल्या घराकडे

आपला वर्धा जिल्हा गांधीजींच्या आणि विनोबांच्या पायधुळीचा. सेवाग्राम आणि पवनार इथलेच. म्हणून पन्नासेक वर्षांपासून इथं सरकारी दारूबंदी आहे. दुकान नाही. पण दारू नाही असं कोणी छातीला हात लावून म्हणावं. शेजारच्या जिल्ह्यातून येते, नदीनाल्याच्या काठी मोहाची निघते. बंदी चांगलीच आहे, ती राहिलीच पाहिजे. बंदीमुळे चौकात दुकान नाही, लेकरांच्या डोळ्यासमोर पाटी नाही, आणि गावातल्या बायांना भट्टी फोडायला कायद्याचा आधार आहे. पण कागदावरची बंदी उंबऱ्याच्या आत येत नाही. तिथं बारशाच्या दिवशीचा डेबूजीच लागतो.

दारू शरीरात काय करते हे डॉक्टर लोकांकडून विचारून घेतलं ते सांगतो. पोटात गेलेली दारू मोडायचं काम लिव्हर करते. आपण त्याला यकृत म्हणतो. रोज रोज हे काम पडलं की त्यावर आधी चरबी चढते, मंग सूज येते, मंग ते सुकून गाठीगाठीचं होते. डोळे पिवळे होतात, पाय सुजतात, पोटात पाणी भरते, रक्ताच्या उलट्या होतात. चरबी आणि थोडी सूज आहे तोवर दारू सोडली तं यकृत सुधरू शकते. सुकून गेल्यावर गेलेलं परत येत नाही. दारूनं तोंडाचा, अन्ननलिकेचा, यकृताचा कॅन्सर होतो. पोटुशी बाई प्याली तं पोटातल्या लेकराच्या मेंदूला इजा होते. झोपेच्या गोळीवर दारू घेतली तं झोपेतच श्वास थांबू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब आहे की २०१९ या एका वर्षात जगात सव्वीस लाख माणसं दारूमुळे मेली. देशी काय आणि विदेशी काय, नशा आणणारा पदार्थ एकच. बाटली महाग झाली म्हणून यकृत ओळखत नाही.

हातभट्टीचं तं विचारूच नका. मोहफूल, गूळ आणि नवसागर सडवून काढतात. त्या सडव्यात काय काय पडते ते देवच जाणे. आणि काही ठिकाणी नशा वाढवायला कारखान्यातलं मिथेनॉल नावाचं स्पिरिट मिसळतात. त्यानं डोळे जातात आणि जीव जातो. २०१५ साली मुंबईत मालवणीला अशाच दारूनं शंभरावर माणसं मेली. दारू प्यायल्यावर कोणाला धुरकट दिसू लागलं, पोटात कळा आल्या, तं झोपवून ठेवू नका. रातोरात दवाखान्यात न्या.

आता कास्तकाराचा हिशेब. रोजचे शंभर रुपये दारूत गेले तं वर्षाचे छत्तीस हजार पाचशे होतात. कापसाचा भाव सात हजार धरला तं पाच क्विंटलाच्या वर कापूस झाला. आपल्या कोरडवाहू जमिनीत एका एकराला कितीसा होतो? म्हणजे नांगरटी केली, बियाणं घेतलं, फवारलं, बायांनी पाठ मोडून वेचलं, आणि एक अख्खा एकर त्यानं पिऊन टाकला. वरून म्हणतो, शेती परवडत नाही. शेतीला भाव नाही हे खरंच आहे. पण भाव नाही म्हणून प्यायचं आणि प्यायल्यामुळे अजून कर्जात जायचं, हा गुऱ्हाळाच्या बैलासारखा फेरा आहे. त्यात बैल थकतो, वाट सरत नाही.

खर्ऱ्याचं काय?

काही जण म्हणतील, महाराज आम्ही माळकरी, आम्ही दारू पीत नाही. मंग खिशातल्या पन्नीत काय आहे? सुपारी, तंबाखू, चुना घोटून केलेला खर्रा. आपल्या विदर्भात तो पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत पोचला. टाळ थांबला की हात खिशात जाते. विठ्ठलाचं नाव घ्यायचं ते तोंड आणि त्याच तोंडात खर्रा.

सुपारीनं गालाच्या आतली कातडी ताठ होते. मंग तिखट लागू देत नाही, तोंड उघडत नाही. एक सोपी परीक्षा सांगतो. आपली मधली तीन बोटं उभी करून तोंडात जातात काय, बघा. नाही गेली तं उद्याच दवाखाना गाठा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवडे न भरणारी जखम असली तरी तसंच. आज पाहिलं तं उपाय आहे. उद्यावर टाकलं तं जबडा कापावा लागतो. ज्या कीर्तनकाराचं तोंड उघडत नाही तो गाणार काय?

आणि गांजा. काही लोक देवाचा प्रसाद म्हणून चिलीम ओढतात. वारकरी पंथात त्याला जागा नाही. कोवळ्या वयाच्या पोरांचं डोकं त्यानं फिरते, कानात नसलेले आवाज येतात, अभ्यास आणि काम दोन्ही सुटते. देवाच्या नावावर लेकराच्या हाती चिलीम देणारा साधू नव्हे.

माळ आणि दवाखाना

आता सगळ्यांत महत्त्वाचं. हे तरी पोरांकडून वाचून घ्या.

आपल्या पंथाची ताकद माळ आहे. माळ घातली आणि दारू सुटली, अशी कितीतरी घरं आपण पाहिली. पण जो माणूस वर्षानुवर्षं सकाळ-संध्याकाळ पितो, त्यानं एका दिवसात एकदम बंद केलं तं शरीर बंड करते. मी एका वारीत पाहिलं. एक जण माळ घालून आला. दुसऱ्या दिवशी हात थरथरू लागले, घामानं भिजला. तिसऱ्या दिवशी रात्री नसलेली माणसं दिसू लागली, बडबड सुरू झाली, आणि झटका येऊन पडला. कोणी म्हणे बाहेरचं लागलं, कोणी म्हणे अंगात आलं, निंबू आणा. वाटेवरच्या आरोग्य पथकातल्या डॉक्टरीणबाईनं पाहताच ओळखलं. दारू एकाएकी तुटल्यामुळे असं होते, यात जीवही जाऊ शकतो, म्हणाली. सलाईन लावलं, औषध दिलं, मोठ्या दवाखान्यात पाठवलं. माणूस वाचला. पुढच्या वर्षी दिंडीत चालला आणि आजही चालतो.

म्हणून माझी विनंती. जुना पिणारा माळ घालायला आला तं त्याला आधी छातीशी धरा, आणि मंग दवाखान्यात न्या. आठ-दहा दिवस औषधाच्या आधारानं दारू उतरू द्या. मंग माळ घाला. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात मानसोपचाराचे डॉक्टर आहेत. सरकारचा व्यसनमुक्तीचा फोन नंबर १४४४६ आहे, त्याला पैसे लागत नाहीत. दवाखाना केला म्हणून देवाचा अपमान होत नाही. रोग्यांसाठी धर्मशाळा बांधणाऱ्या गाडगेबाबांना दवाखान्याचं मोल आपल्यापेक्षा जास्त कळत होतं.

आणि औषधानं दारू उतरते, पण गेलेली रिकामी संध्याकाळ औषध भरून देत नाही. दिवे लागणीची वेळ ही पिणाऱ्याची वैऱ्याची वेळ. तिथं आपला हरिपाठ उभा राहतो. त्या वेळी त्याला हाक मारा, हाती टाळ द्या, शेजारी बसवा. एखाद्यानं सहा महिन्यांनी पुन्हा प्याली, तं हाकलून देऊ नका. पुन्हा पडणं हा त्या रोगाचाच भाग आहे. लेकरू चालायला शिकताना पडते तं आपण काय त्याला घराबाहेर काढतो?

मात्र त्याच्या बायकोला सहन कर असं कोणी सांगू नये. तिच्या अंगावर हात पडत असेल तं दिंडीच्या चार मोठ्या माणसांनी तिच्या बाजूनं उभं राहावं. सखुबाईला माहेर होतं म्हणून डेबूजी वाचला. जिला माहेर नाही तिचं माहेर गावानं व्हावं.

शंभर वर्षांचा संकल्प

आपल्या दिंडीनं शंभर वर्षांत पावसापाण्यात, दुष्काळात वाट सोडली नाही. नुसती कमान उभारून आणि फेटे बांधून ही शंभरी साजरी होऊ नये. मी मंडळींपुढे तीन गोष्टी ठेवतो. एक, दिंडी निघाल्यापासून परत येईपर्यंत कोणाच्याही खिशात खर्रा-तंबाखू नको, कीर्तनकार आणि विणेकरी यांच्यापासून सुरुवात. दोन, दिंडीतल्या घरचं बारसं, लग्न, वरात, तेरवी, कुठंही दारू दिसली तं आपण त्या पंगतीला बसायचं नाही, सोयरा कितीही जवळचा असो. तीन, दर वर्षी प्रत्येक गावातून एका तरी पिणाऱ्याला दवाखान्यातून काढून दिंडीत आणायचं.

झिंगराजीला त्या काळात हात देणारा कोणी भेटला नाही. ना वैद्य, ना दिंडी, ना पंगतीत नाही म्हणणारा भाऊ. आज आपल्या प्रत्येक गावात एक झिंगराजी आहे. आणि त्याच्या घरात आठ वर्षांचा एक डेबूजी दाराआड उभा राहून बाप कसा येतो ते पाहत आहे. प्रत्येक डेबूजी गाडगेबाबा होत नाही, मायबाप हो. कितीतरी डेबूजी बापाच्याच वाटेनं जातात. त्या लेकराला वाट दाखवायची तं त्याच्या बापाला हात द्यावा लागेल.

एवढं बोलून सेवा पांडुरंगाच्या चरणी ठेवतो. काही कमीजास्त झालं असेल तं पदरात घ्या.

राम कृष्ण हरी.

— दिंडीचा एक सेवक